देणगी इमारतीला की माणसाला?

दान देण्याची वृत्ती आपल्याकडे कमी नाही. शाळेला खोली, दवाखान्याला खाटा, गावाला रुग्णवाहिका असं काही मागितलं की हात चटकन खिशात जातो. मनाच्या आजाराशी झुंजणाऱ्या घरांसाठी पैसे मागितले की तोच हात थबकतो. त्यामागे दर वेळी संकोच असतो असं नाही. काही वेळा नीट केलेला विचार असतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा असतो. या संवादातली आत्या अमरावतीची. बँकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झालेली, वडिलांच्या नावाने चालणाऱ्या छोट्या न्यासाची विश्वस्त. भाचा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला सामाजिक कार्यकर्ता, दर्यापूर तालुक्यातली गावं पालथी घालणारा. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्यातला वाद मात्र देणगी देणाऱ्या आणि मागणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल.

आत्या: तुझ्या संस्थेचा प्रस्ताव दोनदा वाचला. आधीच सांगते, तू माझा भाचा आहेस, तेव्हा ठराव मांडला जाईल त्या वेळी मी बैठकीतून बाहेर जाणार. पण तोवर माझं मत मी बनवणारच. वर्षाला सहा लाख मागितलेत आणि त्यातले पावणेपाच लाख पगाराचे. आजवर आपण शाळेला संगणक दिले, पाण्याची टाकी बांधली. कुणीही जाऊन बघावं. पगार दिला की मागे काय उरतं?

भाचा: आत्या, या कामात पगार हीच सेवा आहे. एका घरातलं सांगतो. बावीस वर्षांचा मुलगा, स्किझोफ्रेनिया झालेला. आईने हातापाया पडून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं, पण गोळ्या मिळाल्या. पहिल्या आठ-दहा दिवसांत काय झालं असेल? हात थरथरायला लागले, तोंडातून लाळ गळायला लागली, पोरगा दिवसभर झोपून. कानात येणारे आवाज मात्र चालूच. शेजारपाजारचे म्हणाले, औषधाने पोरगं पार बिघडवलं. आईने गोळ्यांचं पाकीट फडताळात वर सरकवून ठेवलं. पुढची तारीख महिन्याने होती, ती गेलीच नाही. सरकारी नोंदवहीत मात्र हा मुलगा ‘उपचार सुरू’ या रकान्यात.

आत्या: मग?

भाचा: तिसऱ्या आठवड्यात आमची कार्यकर्ती त्या घरी गेली. तिने गोळ्या मोजल्या तेव्हा खरं काय ते कळलं. ती आईला रागावली नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मात्रा बदलली, थरथर कमी करणारी गोळी जोडून दिली. या औषधांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण उशिरा येतो, हे त्या आईला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. कार्यकर्तीने सांगितलं आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला जात राहिली. आता तो मुलगा बापाबरोबर बाजाराला जातो. यात बांधकाम कुठे आहे? एक शिकवलेली बाई आहे, तिचा वेळ आहे आणि तिचं वेळेवर पोचणं आहे. तू पगार म्हणतेस तो याचा.

आत्या: एका घराची गोष्ट ऐकून मला वाईट वाटतं, पण न्यासाचा पैसा एका गोष्टीवर देता येत नाही. असं काम सगळीकडे उपयोगी पडतं, याला आधार काय?

भाचा: आधी गरज बघ. ‘निम्हान्स’ या केंद्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात दिसलं. आणि उपाय बघायचा तर आपल्याच जिल्ह्यात झालाय. ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम. टाटा ट्रस्ट्सचा पैसा. ‘संगाथ’ आणि नागपूरची ‘प्रकृती’ या संस्थांचं काम. अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, दीड वर्ष. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षाने २७.२ टक्के. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

आत्या: तुलनेसाठी दुसरी गावं घेतली होती? जिथे कार्यक्रम नव्हता अशी?

भाचा: नव्हती.

आत्या: मग त्या हंगामात पाऊस बरा झाला असेल, कापसाला भाव बरा मिळाला असेल, म्हणूनही आकडा उतरला असेल. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच दाखवून कारण सिद्ध होत नाही. बँकेत मी अशी कितीतरी विवरणपत्रं परत पाठवली आहेत.

भाचा: हरकत रास्त आहे. म्हणून गोव्याचं बघ. तिथे ‘संगाथ’ने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये रीतसर चाचणी घेतली. तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत समुपदेशनाच्या सहा ते आठ बैठका. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. त्यामागे ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा निधी होता, म्हणजे तोही धर्मादायच पैसा.

आत्या: हे नैराश्याचं झालं. तू मघाशी सांगितलास तो मुलगा स्किझोफ्रेनियाचा.

भाचा: त्याचीही चाचणी झाली आहे. तमिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्र. निष्कर्ष २०१४ साली आले. दवाखान्यातल्या उपचारांना घरभेटींची जोड दिली तर नुसत्या दवाखान्यापेक्षा फरक पडतो, पण तो माफक असतो. म्हणून समुपदेशक दिला की आजार पळाला, असं मी कधीच म्हणत नाही. असं म्हणणाऱ्याला तू देणगी देऊ नकोस.

आत्या: हे बरं बोललास. पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी वाचलाय. कलम १८ प्रमाणे सरकारच्या खर्चाने मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून. मग जे सरकारने करायचं, ते आम्ही देणगीतून का करायचं? आम्ही खड्डा बुजवत राहिलो तर सरकारला तो दिसणारच नाही. आणि हक्काची गोष्ट दान म्हणून मिळाली की घेणारा कायम ओशाळाच राहतो.

भाचा: हक्क कागदावर आहे. तो अंगणात यायला मधे कुणीतरी लागतं. तुझ्या कलम १८ मध्ये औषधं आहेत, पण ती संपली तर तक्रार कोण लिहिणार? मानसिक आजारामुळे आलेल्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात, संजय गांधी निराधार योजनेत नाव लागू शकतं. हे त्या आईला कुणी सांगितलं? आधार कार्ड, तपासणीची तारीख, संगणक केंद्रावरची रांग, यात तिच्याबरोबर उभं कोण राहिलं? आमच्या कार्यकर्तीचा निम्मा वेळ यातच जातो. सरकारला मोकळं सोडायला मी पैसे मागत नाही. लोकांनी सरकारी सेवा मागून घ्यावी, त्यासाठी मागतोय.

आत्या: गावात आशा कार्यकर्त्या असतातच की.

भाचा: असतात, आणि आमच्या निम्म्या माणसांची पहिली खबर त्याच देतात. पण लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षणं सगळं त्यांच्या डोक्यावर, आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक. एखाद्या घरात तासभर नुसतं बसून ऐकायचं, याचा मोबदला कुठल्या तक्त्यात बसत नाही.

आत्या: ऐकण्यावरून आठवलं. विदर्भातल्या शेतकऱ्याला समुपदेशन द्यायचं, याचा मला मनापासून राग येतो. कपाशीचा खर्च निघत नाही, सावकार दारात, पीकविम्याचे पैसे अडकलेले. अशा माणसाला ‘मन शांत ठेवा’ म्हणायचं? त्याचा आजार मनात नाही, बाजारात आहे.

भाचा: ‘मन शांत ठेवा’ म्हणणाऱ्याला मीसुद्धा गावातून परत पाठवीन. भावाचा प्रश्न भावानेच सुटेल आणि त्यासाठी लढायलाच हवं. पण त्याच घरात उरलेल्यांचं बघ. कर्त्या पुरुषाने जीव दिला. सरकारची एक लाखाची मदत आहे, तीही प्रकरण पात्र ठरलं तर. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार बँकेत ठेव. जमीन अजून दिवंगत सासऱ्याच्या नावावर. सातबारावर वारस म्हणून बायकोचं नाव लागलेलं नाही. सासरचे म्हणतात, तुझ्यामुळेच गेला. ती रात्र रात्र जागी. थोरला मुलगा शाळा सोडून मजुरीला. या बाईला तलाठ्याकडे घेऊन जाणं आणि तिच्याशी बोलणं ही दोन वेगळी कामं नाहीत. वारस नोंद झाली त्या आठवड्यात ती पहिल्यांदा नीट झोपली, असं आम्ही पाहिलंय. आणि ज्या घरात धोका दिसतो तिथे आमची कार्यकर्ती सरळ विचारते, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? फवारणीचं औषध घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवायला लावते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा फोन नंबर भिंतीवर लिहून देते. कापसाचा भाव वाढेपर्यंत त्या माणसाने जगायला हवं, आत्या.

आत्या: तू ‘घर’ म्हणतोस सारखा, ‘रुग्ण’ म्हणत नाहीस.

भाचा: कारण आपल्याकडे रुग्णालय म्हणजे घरच आहे. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बाकी सगळा भार आई, बायको, बहीण यांच्यावर. तिची पाळी कधी बदलत नाही. लग्नाकार्याला जायचं तर घरी कोण थांबणार, हा प्रश्न. लोक काय म्हणतील म्हणून माहेरी सांगायचं नाही. तिच्यासाठी पैसा कोण ठेवतं? पुण्यात जगन्नाथ वाणींनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ते कॅनडात प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. तिथे शुभार्थींच्या, म्हणजे आजाराशी झुंजणाऱ्यांच्या, बरोबरीने शुभंकरांचे, म्हणजे सांभाळणाऱ्यांचे, गट चालत आले. ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राचंही तेच. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर अनिता आणि अनिल अवचटांनी ते १९८६ साली सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याची दारू सुटायच्या आधीच बायकोला बळ मिळायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आत्या: मुक्तांगण टिकलं, कारण त्यामागे माणसं जन्मभर उभी राहिली. मला भीती नेमकी त्याच्या उलट गोष्टीची आहे. मी असे प्रकल्प पाहिलेत. तीन वर्षं गाड्या येतात, बायकांचे गट होतात, जे कुणापाशी बोलल्या नव्हत्या त्या बोलायला लागतात. मग एका मार्चअखेरीला सगळं बंद. बोललेलं गावभर झालेलं असतं आणि ऐकणारी निघून गेलेली असते. अशा मदतीने भलं होतं की इजा?

भाचा: इजा होते. मी स्वतः असं एक गाव बघितलंय. दुसऱ्या संस्थेचं काम बंद पडल्यावर आम्ही तिथे गेलो, तर एक बाई दारातच म्हणाली, तुम्ही किती दिवसांसाठी आलात ते आधी सांगा.

आत्या: मग दोष कुणाचा?

भाचा: बराचसा पैशाच्या स्वरूपाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसा मोठा आहे, पण नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत संपवायचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन तो गावपातळीवरच्या छोट्या संस्थेला पुढे देणं त्यानंतर बंद झालं. मनाचा आजार मात्र तीन वर्षांचा हिशेब पाळत नाही. तो बरा वाटतो, उलटतो, लग्न ठरलं की उलटतो, पेरणी बुडाली की उलटतो. म्हणून मी मोठ्या कंपनीकडे न जाता तुझ्या दारात आलो.

आत्या: आमच्याकडे मोठा पैसा नाहीच.

भाचा: तोच तर तुझा गुण आहे. तुमच्या ठेवीचं व्याज दरवर्षी येतं. नफ्यावर अवलंबून नाही, दिल्ली-मुंबईत कुणाचं धोरण बदललं म्हणून थांबत नाही. उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षात सत्कार्याला लावायचेच असतात तुम्हाला. मोठी रक्कम थोडा काळ मिळण्यापेक्षा छोटी रक्कम दीर्घकाळ मिळणं या कामाला जास्त मोलाचं आहे. दोन कार्यकर्त्या दहा वर्षं त्याच पंचवीस गावांत राहिल्या, तर कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना विचारावं लागणार नाही.

आत्या: विचार करण्यासारखं आहे. पण शिकवलेली असली तरी ती डॉक्टर नाही. चार पुस्तकी वाक्यं पाठ करून एखाद्या घराला भलतंच सांगितलं तर? आणि दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून तिचं स्वतःचं काय होतं?

भाचा: म्हणून प्रस्तावात ‘पर्यवेक्षण’ असा वेगळा खर्च आहे. देणगीदार सगळ्यात आधी नेमका त्यावरच काट मारतात. दर आठवड्याला अनुभवी समाजकार्यकर्तीबरोबर बैठक, प्रत्येक अवघड घराची चर्चा. महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञ. कुठली लक्षणं दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं, याची यादी तिच्याजवळ. आणि तिलाही बोलायला जागा. मागच्या वर्षी आमच्या एका कार्यकर्तीच्या गावात आत्महत्या झाली, ज्या घरात ती जात होती तिथेच. महिनाभर ती स्वतःला दोष देत राहिली. तिला सांभाळलं नसतं तर ती काम सोडून गेली असती, आणि तिच्याबरोबर चाळीस घरांचा विश्वास गेला असता.

आत्या: ती रक्कम मी कमी होऊ देणार नाही. आता माझ्या अटी ऐक. पहिली, ठराव पाच वर्षांचा. दरवर्षी आढावा, पण दरवर्षी नव्याने भीक मागायला लावायचं नाही. दुसरी, किती शिबिरं घेतली आणि किती पत्रकं वाटली, हे मला नको. सहा महिन्यांनंतर किती जण औषधावर टिकले, किती कामाला लागले, किती जण सोडून गेले आणि का गेले, ते हवं. अपयश लपवलं तर मदत बंद. अपयश लिहिलं म्हणून बंद होणार नाही.

भाचा: कबूल. माहिती मात्र नावाशिवाय देणार. कुणाचं घर तुमच्या अहवालात ओळखू येता कामा नये.

आत्या: अर्थात. तिसरी, आमच्या पैशातून औषधं घ्यायची नाहीत. ती सरकारची जबाबदारी आहे. तिथे मी हटणार नाही.

भाचा: आणि साठा संपला तर? गोळी पंधरा दिवस चुकली की तो मुलगा परत पहिल्या जागी. सरकार जागं होईपर्यंत त्याने आजारी राहायचं? तुझ्या तत्त्वाची किंमत त्याच्या आईने मोजायची?

आत्या: …बरं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पंधरा दिवसांचं औषध, तेवढंच. पण ज्या दिवशी ते विकत घ्याल, त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार गेली पाहिजे, आणि तिची पोच बिलाला जोडलेली हवी. पोच नाही तर बिल मंजूर नाही. वर्षाच्या शेवटी त्या सगळ्या तक्रारी एकत्र करून पालकमंत्र्यांना पाठवायला मी स्वतः येईन.

भाचा: हे मला सुचलं नव्हतं. असं झालं तर देणगीतूनच हक्काचा पुरावा तयार होईल.

आत्या: सरकारने करायला हवं, हे माझं मत बदललेलं नाही. सरकार करत नाही तोवर त्या घराला एकटं सोडायचं नाही, एवढं तुझं मी मान्य केलं. विश्वस्त मंडळाला पटवणं आता बाकीच्यांकडे. तुझी काही अट आहे?

भाचा: एकच. काम थांबवायचं ठरलं, तर वर्षभर आधी सांगायचं. घरोघरी जाऊन सांगायचं, आणि त्या वर्षात प्रत्येक माणूस आरोग्य केंद्राशी, गटाशी, नात्यातल्या कुणाशी तरी जोडून द्यायचा.

आत्या: ही अट संस्थेवर टाकतोयस की आमच्यावर?

भाचा: दोघांवर. आम्ही काम सोडणार असलो तर आम्ही सांगू. तुम्ही पैसा थांबवणार असलात तर तुम्ही वर्षभर आधी सांगायचं, आणि ते वर्षभर पैसे द्यायचे. संस्थेकडे हिशेब मागणारे देणगीदार खूप भेटतात. आपल्या जाण्याचा हिशेब त्या घरांना देणारे फार थोडे.

आत्या: लिही तसं. ठरावात ती अट पहिली घाल, पैशाच्या आकड्याच्याही आधी.